खाचा खोल आहेत, पण रबर जिवंत आहे का?

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं मोटारसायकलच्या टायरचीच निघाली, म्हणून हे सगळं सदर टायरलाच दिलंय. मी चौदा वर्षांची असताना वडिलांच्या हाताखाली पहिला टायर रिमवरून उतरवला. तेव्हापासून सव्वीस वर्षं हेच काम करतेय. काही पत्रं लांबलचक होती, ती इथे थोडक्यात दिली आहेत.

ताई, माझी गाडी आठ वर्षांची आहे, पण फिरलीय फक्त ११,००० किमी. टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत. खाचा चांगल्या खोल आहेत. तरी मेकॅनिक म्हणतो, दोन्ही बदला. तो मला फसवत तर नाही ना?

नाही. तो तुम्हाला खरं सांगतोय, आणि त्याचं ऐका.

आपण टायर पाहतो म्हणजे खाचा पाहतो. खाच डोळ्यांना दिसते, रबराचं म्हातारपण दिसत नाही. रबराला मऊपणा देणारी तेलं वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातात. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन वरून रबर खात राहतात, ऊन त्यात भर घालतं. कारखान्यात गंधकाने रबराचे धागे एकमेकांना बांधलेले असतात. ही बांधणी पुढेही कणाकणाने चालूच राहते आणि रबर ताठ होत जातं. ओझोनपासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेणासारखा पदार्थ घातलेला असतो. टायर फिरताना दबतो, सुटतो, तेव्हा तो पदार्थ पृष्ठभागावर येत राहतो. गाडी महिनोन् महिने उभीच राहिली की हे होत नाही. म्हणजे तुमचं ‘फक्त ११,००० किमी’ हे टायरच्या बाजूचं नाही, विरुद्ध बाजूचं कारण आहे. रोज फिरणारा टायर झिजून जातो, उभा टायर वाळून जातो.

हे मी अंगावर घेऊन शिकले आहे. चोवीस वर्षांची होते. वडिलांची जुनी गाडी बरेच दिवस झाकून ठेवलेली होती, ती पुसून काढली, हवा भरली आणि निघाले. पुढचा टायर आठ वर्षांचा होता, खाचा जवळजवळ नव्यासारख्या. पाऊस नुकताच थांबला होता. वेग तीसच्या आसपास, वळणही साधंच, मी रोज घेत होते ते. गाडी थोडी कलती केली आणि पुढचं चाक खालून निघूनच गेलं. मागचं चाक घसरलं तर निदान अंगाला कळतं, सावरायला क्षणभर मिळतो. पुढचं गेलं तेव्हा मला कळलं ते गाल रस्त्याला लागल्यावर. गळ्याजवळचं हाड मोडलं.

हात गळ्यात बांधून घरी आले तेव्हा वडील गाडीजवळ बसले होते. त्यांनी अंगठ्याचं नख पुढच्या टायरवर दाबलं. काही उमटलं नाही, पाटीवर दाबावं तसं. मग शेजारच्या नव्या टायरवर दाबलं, तिथे बारीक चंद्रकोर उमटली आणि हळूहळू भरून आली. ते म्हणाले, “दिवसभर लोकांचे टायर बघतो. तुझा बघायचा राहिला.” त्यांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो, म्हणून या प्रश्नाला मी कधी दोन ओळींत उत्तर देत नाही.

नखाची परीक्षा ही मोजमाप नव्हे. रबराचा कडकपणा मोजायचं खरं उपकरण वेगळं असतं, त्यावर ‘शोअर ए’ असा आकडा येतो. पण नव्या टायरशेजारी जुना ठेवून नख दाबलं तर बराच अंदाज येतो. त्याहून पक्की गोष्ट म्हणजे तारीख. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३४१७ म्हणजे २०१७ सालचा चौतिसावा आठवडा. पूर्ण ओळ कधीकधी एकाच बाजूला असते, म्हणून एका बाजूला चार आकडे सापडले नाहीत तर दुसरी बाजू पाहा. शेवटी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. त्यावर बसूसुद्धा नका.

बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या, आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसत असला तरी काढून टाका. दहा ही शेवटची हद्द आहे, तिथपर्यंत टायर ओढायचाच असा त्याचा अर्थ नाही. मी स्वतःच्या गाडीला सहा वर्षांच्या पुढे ठेवत नाही. आता टायरच्या बाजूवर दोन्ही अंगठे ठेवून रबर ताणा. केसासारख्या भेगा उघडताना दिसल्या, किंवा खाचेच्या तळाशी भेग दिसली, तर वयाचा हिशेबही करायची गरज नाही. बाजूवर कुठे फुगवटा आला असेल तर आतले धागे तुटलेत. त्या टायरवर गाडी चालवत दुकानापर्यंतही जाऊ नका.

रोज ३० किमी सरळ रस्त्याने ये-जा करतो. मागचा टायर मधोमध सपाट झालाय, दोन्ही कडा मात्र नव्यासारख्या. मध्ये अजून थोडी खाच आहे. हल्ली वळताना गाडी आधी अडते आणि मग एकदम कलते. टायर अजून चालेल का?

तुम्हाला जे जाणवतंय ते बरोबर जाणवतंय. मोटारसायकलचा टायर गोल असतो, गाडी त्या गोलाईवरून कलते. सरळ रस्त्यावर मधलाच भाग झिजून सपाट पट्टा झाला की पट्टा आणि कड यांच्यामध्ये एक धार तयार होते. वळताना गाडी त्या धारेवर चढते, म्हणजे अडते. आणि धार ओलांडली की पलीकडे उतरते, म्हणजे एकदम कलते. ओल्या वळणावर मला ती धार नको असते.

आता खाच किती उरलीय ते पाहा. टायरच्या बाजूवर बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं असतात. तिथून सरळ वर खाचेत गेलात की तळाशी एक छोटा उंचवटा दिसेल. मोटारसायकलच्या टायरांत तो बहुधा ०.८ मिमी उंचीचा असतो. वरचं रबर झिजून त्याच्या पातळीला आलं की टायर संपला. हे खाचेच्या सगळ्यात उथळ जागी, म्हणजे मधोमध पाहायचं. कडेची खोल खाच दाखवून “अजून आहे की” म्हणणारे रोज भेटतात.

पण ०.८ पर्यंत थांबा, असं मी पावसात गाडी चालवणाऱ्या कुणालाही सांगत नाही. टायरखालचं पाणी बाहेर जायला खाच ही एकच वाट असते. ती उथळ झाली की पाण्याला जायला वेळ पुरत नाही आणि रबर रस्त्याला नीट टेकत नाही. मध्ये २ मिमी उरले की नवा टायर बघायला लागायचं, हा माझा नियम. तुमचा टायर तर सपाटही झालाय. बदला.

मधोमध लवकर झिजण्यामागे जास्त हवा हेही कारण असू शकतं. हवा जास्त झाली की टायर मध्ये फुगतो आणि तेवढाच भाग रस्त्याला लागतो. कमी हवेचा टायर मात्र सतत वाकत राहतो, आतून तापतो, वळणाला गाडी जड लागते. हवा तपासायची ती सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर गार असताना. तपमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआय वाढतो. त्यामुळे पंधरावीस किलोमीटर चालवून तापलेल्या टायरची हवा ‘जास्त दिसते’ म्हणून सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कमी हवेवर फिरत असता. आकडा गाडीच्या पुस्तकातला किंवा स्विंग आर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवरचा धरायचा. टायरच्या बाजूवर लिहिलेला दाब हा तो टायर जास्तीत जास्त भार घेताना लागणारा असतो, तुमच्या गाडीचा नव्हे.

एवढं करताय तर पुढचा टायरही हाताने पाहा. नुसता बघू नका, तळवा फिरवा, एकदा पुढे, एकदा मागे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीचे दात लागावेत तसं वाटलं, तर ब्रेकच्या ओढीने खाचांमधल्या रबराच्या ठोकळ्यांच्या कडा एकाच अंगाने झिजल्या आहेत. थोडं असं होतंच. खूप असेल तर हवा कमी राहतेय का, हँडलच्या खालचं बेअरिंग सैल आहे का, फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, थकलाय का, ते तपासून घ्या. कारण दूर न करता नवा टायर बसवला तर तोही तसाच झिजेल. मागचा टायर दोनदा बदलतो तोवर पुढचा एकदा, हे बऱ्याच गाड्यांत होतं, त्यामुळे दोन्ही एकदम बदलायलाच हवेत असं नाही. पण दोघांपैकी एकच चांगला ठेवता येणार असेल, तर मी पुढचा चांगला ठेवीन.

मागे १००/९०-१७ टायर आहे. मित्राने १२०/८०-१७ बसवलाय, गाडी भारदस्त दिसते आणि ग्रिपही वाढली म्हणतो. मीही बसवू का?

दिसते भारदस्त, हे मान्य. ग्रिपचं म्हणणं तपासून पाहू.

१००/९०-१७ म्हणजे टायर १०० मिमी रुंद, त्याची उंची रुंदीच्या ९० टक्के म्हणजे ९० मिमी, आणि रिमचा व्यास १७ इंच. पूर्ण चाकाचा व्यास काढला तर साधारण ६१२ मिमी येतो. १२०/८० ची उंची ९६ मिमी, चाक ६२४ मिमीच्या आसपास. चाक सुमारे दोन टक्क्यांनी मोठं झालं. गाडी मागून ६ मिमी उचलली गेली, ओढ तेवढी कमी झाली, आणि वेगाचा काटा मागच्या चाकावरून किंवा गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तो खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणार. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, असेल तर त्याची यंत्रणा पुढच्या-मागच्या चाकांचे वेग एकमेकांशी ताडून पाहत असते, तिचाही हिशेब थोडा हलतो.

हे सगळं चालवून घेता येईल. मला खरी काळजी रिमची आहे. तुमच्या रिमवर १७ च्या शेजारी एक आकडा कोरलेला असेल, तो रिमची आतली रुंदी सांगतो, इंचांत. प्रत्येक मापाच्या टायरला किती ते किती रुंदीची रिम चालते, हे टायर कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. असा टायर मी गाडीवरून उतरवून पाहिलाय: ६,००० किमी चाललेला, मधला दोन बोटांचा पट्टा झिजलेला, आणि त्याच्या बाजूच्या रबरावर नव्या टायरला असतात ते बारीक केस तसेच. मालकाने रुंद टायर घेतला आणि अरुंद टायरवर फिरला.

शिवाय रस्त्याला किती रबर टेकतं ते मुख्यतः टायरवरचं वजन आणि आतल्या हवेचा दाब यांवर ठरतं. मागच्या चाकावर १५० किलो आणि आत ३० पीएसआय असेल, तर ढोबळमानाने ७० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढी जागा. वजन तेच, हवा तीच, तर ही जागा रुंद टायरने फारशी वाढत नाही. तिचा आकार बदलतो: लांबट असते ती आडवी होते. गाडी वळायला आळशी होते, चाक जड होतं, पेट्रोल जास्त लागतं.

चेन, स्विंग आर्म, मडगार्ड यांना टायर घासत तर नाही ना, हेही पाहावं लागतं. आणि ते गाडी स्टँडवर असताना पाहून चालत नाही. मागे माणूस बसवून, शॉकअ‍ॅब्सॉर्बर दाबून पाहायचं. ग्रिप हवी असेल तर कंपनीने दिलेल्याच मापात चांगल्या रबराचा टायर घ्या. मित्राला रिमवरचा आकडा वाचायला सांगा.

डांबरी रस्त्यावरच फिरते. महिन्यातून एकदा चारपाचशे किलोमीटरचा प्रवास, मागे नवरा आणि सामान. टायर निवडताना नक्की काय वाचू? नक्षीवरून काही कळतं का?

मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, आधी ते वाचा. समजा ६६एच. ६६ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे त्या टायरवर ३०० किलो. ५५ म्हणजे २१८ किलो. एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत, एस १८०, पी १५०. गाडीच्या पुस्तकात दिलंय त्यापेक्षा वरचं चालतं, खालचं अजिबात नाही. तुम्ही दोघं आणि सामान घेऊन जाता, तर भाराचा आकडा तुमच्यासाठी वेगाच्या अक्षराहून महत्त्वाचा आहे. आणि त्या दिवशी हवाही पुस्तकातल्या ‘दोन माणसं’ या रकान्याप्रमाणे भरायची.

मग ‘टीएल’ की ‘टीटी’. टीएल ट्यूबलेस, टीटी ट्यूबचा. तारांच्या साध्या रिममधून हवा निसटते, तिथे ट्यूब लागतेच, आणि नव्या टायरमध्ये ट्यूबही नवी घाला. जुनी ट्यूब ताणून सैल झालेली असते, आत घडी पडते आणि त्या घडीवरच फाटते.

मापात ‘आर’ असेल तर टायर रेडिअल, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे घातलेला. गाडी ज्या प्रकारच्या टायरवर आली तोच प्रकार ठेवा. पुढे एक आणि मागे दुसरा असं स्वतःच्या मनाने करू नका. शक्यतो दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच जोडीचे घ्या. कंपनीने ते एकमेकांबरोबर चालवून पाहिलेले असतात.

नक्षीवरून थोडं कळतं, सगळं नाही. बटणांसारखे सुटे ठोकळे असलेला टायर मातीसाठी. डांबरावर ते ठोकळे वाकतात, आवाज करतात, ब्रेक मारल्यावर थांबायला जास्त अंतर लागतं. तुम्हाला तो नको. दुसऱ्या टोकाला शर्यतीच्या धाटणीचे, जवळजवळ बिनखाचांचे टायर. ते तापल्यावर फार सुंदर पकडतात, पण साध्या रस्त्यावर, साध्या वेगात ते पुरेसे तापतच नाहीत. तुमच्यासाठी मधला, प्रवासाचा टायर. त्यात दुहेरी रबराचा मिळाला तर जरूर घ्या: मध्ये कडक रबर, म्हणजे सरळ रस्त्यावर टिकतं, आणि कडांना मऊ, म्हणजे वळणावर पकडतं. रबरात सिलिका (वाळूच्या जातीची बारीक पूड) जास्त असेल तर ओल्या आणि गार रस्त्यावर फरक जाणवतो. पावसातली पकड आणि जास्त किलोमीटर यांपैकी एकच मिळणार असेल, तर मी पावसातली पकड निवडते. टायर दर दोनतीन वर्षांनी पुन्हा घेता येतो.

विकत घेताना तारीख पाहायला लाजू नका. सावलीत, गार जागी ठेवलेला वर्षभराचा टायर मी आनंदाने बसवते. चार वर्षांचा ‘नवा’ टायर परत करते.

ट्यूबलेसला खिळा लागला होता, बाहेरून भोकात रबरी दोरी घालून पंक्चर काढलं. आता हे कायमचं धरू का?

नाही. दोरी ही घरी पोहोचण्यापुरती. टायर उतरवून, आतून पाहून, छत्रीच्या आकाराचा पॅच आतून लावून घ्या. खिळा मधल्या भागात असेल आणि भोक ६ मिमीच्या आत असेल तरच. कडेला किंवा बाजूच्या भिंतीत असेल तर टायरच बदला, तिथे कुठलाही पॅच टिकत नाही. पंक्चर झाल्यावर तशीच गाडी काही अंतर चालवली असेल तर आतलं अस्तर चुरडलेलं असतं आणि रिममध्ये काळी भुकटी सापडते. ती दिसली तर पॅचचा विषय संपला.

काल दोन्ही टायर नवे बसवले आणि पहिल्याच वळणावर मागचं चाक सटकलं. टायर खराब निघाला का?

पडला नाहीत हे वाचून बरं वाटलं. टायर बहुधा ठीक आहे. साच्यातून आलेल्या नव्या रबराची कातडी गुळगुळीत असते, रस्त्यावर घासून ती जरा खरखरीत व्हावी लागते. पहिले १५० किमी ब्रेक हळू, रेस हळू, आणि गाडी रोज थोडी थोडी जास्त कलती करत जा, म्हणजे कडांवरचीही कातडी निघेल. तुम्हाला बसवणाऱ्याने हे सांगायला हवं होतं. आणि चमक आणणारा फवारा मारून दिला असेल तर आत्ताच साबणाच्या पाण्याने दोन्ही टायर धुवा. रस्त्याला लागणाऱ्या रबरावर तो कधीही मारू नये.

धुताना तीन गोष्टी पाहून घ्या. बाजूवर बाण असेल तर तो चाक फिरतं त्या दिशेला हवा. पुढच्या आणि मागच्या टायरची नक्षी एकमेकींच्या उलट दिसली तर घाबरू नका, पुढच्याला मुख्य काम ब्रेकचं आणि मागच्याला ओढीचं, त्यामुळे काही टायर तसेच बनवलेले असतात. बाण बघा, नक्षी नको. दुसरं, ट्यूबलेस असेल तर रबरी व्हॉल्व्ह नवा घातलाय का ते विचारा. तो बोटाने वाकवून पाहा, मुळाशी भेग दिसली तर जुनाच आहे.

तिसरं म्हणजे रिमला लागून टायरवर एक बारीक उठलेली रेघ असते. चाक हळूहळू फिरवा आणि ती रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते बघा, दोन्ही बाजूंनी. कुठे ती रिमच्या आत बुडालेली दिसली तर तेवढा भाग नीट बसलेला नाही आणि चाक तिथे उडी मारत राहील. तसं असेल तर आजच परत जा. हवा पूर्ण सोडून, कडेला साबणाचं पाणी लावून पुन्हा भरायला सांगा आणि रेघ सारखी बसल्याशिवाय तिथून निघू नका.